पडलेल्याचा हार

माझ्या जीवनमामाला आनंद साठवून ठेवता येत नाही. गोष्ट घडायच्या आधीच त्याचा आनंद सुरू होतो आणि घडून गेल्यावर आठवडाभर आटपत नाही. उज्ज्वलामामीला बघायला गेला, तेव्हा तिकडून अजून होकारही आला नव्हता, तर हा बहाद्दर परत येता येता मंडपवाल्याकडे तारीख विचारून आला. मामी हे अजूनही चारचौघांत सांगते आणि मामा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा खूश होतो.

मखमलाबादला मामाचा मळा आहे. नाशिक शहर तिथे संपतं असं म्हणायची सोय आता राहिली नाही, दर वर्षी ते दोन बिल्डिंगा पुढे सरकतं. मळ्यात गुलछडी, गुलाब आणि झेंडू. पहाटे चारला तोडणी, सहाच्या आत माल पिकअपमध्ये, उजाडताना पंचवटीच्या फूलबाजारात. मामा उंचीने बेताचा, आवाजाने दोन माणसांचा, आणि बोलताना दोन्ही हात हवेत. गाडी चालवतानाही हवेतच. शेजारी बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं.

गावात निवडणूक लागली की मतमोजणीच्या दिवशी हार लागतात. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, उभा राहिलेला प्रत्येक जण आदल्या दिवशीच मामाला फोन करतो, कारण उभा राहिलेला प्रत्येक जण निवडूनच येणार असतो. जागा तीन, हार सात. फुलं तोडायची पहाटे आणि निकाल लागायचा दुपारी, तेव्हा मामाला सातही हार करावेच लागतात. दुपारनंतर तीन हार गुलालात न्हातात आणि चार पिकअपमध्ये ओल्या गोणपाटाखाली पडून राहतात. दुसरा कुणी असता तर त्याने ते उसवून फुलं सुटी विकली असती. मामा ते पडलेल्या उमेदवाराच्या घरी घेऊन जातो. नुसता देऊन येत नाही, गळ्यात घालतो.

ही चाल काही त्याने विचार करून काढलेली नाही. विचार करणं हा त्याचा प्रांत नव्हे. झालं असं, की शेजारच्या मातोरीचे लहानूअण्णा सोसायटीला उभे होते आणि अकरा मतांनी पडले. मामाच्या फोनची बॅटरी उतरलेली, त्याला निकालाचा पत्ता नाही. तो तीनच्या सुमाराला हार घेऊन अण्णांच्या दारात हजर. दारात चपला नाहीत, ओट्यावर माणूस नाही, एवढं दिसूनही याच्या डोक्यात काही शिरलं नाही. आत जाऊन त्याने खांबाला टेकून बसलेल्या अण्णांच्या गळ्यात पाच फुटी हार घातला आणि म्हणाला, आता गाव तुमचं अण्णा. स्वयंपाकघरातून अण्णांच्या पत्नी गोजराबाई बाहेर आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "येड्या, पडलो मी."

आता हार काढून घ्यावा तर ते दिसायला वाईट, ठेवावा तर त्याहून वाईट. काय करावं ते सुचेना म्हणून मामा खाली बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, की उद्या सकाळी काय करायचं ठरवलंय.  अण्णा म्हणाले, विहिरीतला गाळ काढायचा राहिलाय. गोजराबाईंनी चहा टाकला. निघताना अण्णांनी मामाचा हात धरून सांगितलं, की पंधरा दिवस याच ओट्यावर पंगती उठल्या, पण सकाळपासून इकडे फिरकलेला पहिला माणूस तू. दुसऱ्या दिवशी मामा घमेलं घेऊन गाळ काढायला मातोरीला गेला.

तेव्हापासून हा नियमच झाला. पडलेल्याच्या घरी जायचं, हार घालायचा, वाईट झालं वगैरे एक शब्द बोलायचा नाही, आणि उद्याचं विचारायचं. त्यापायी एकाने त्याच्यावर कुत्रं सोडलं, एकाने त्याच्यासमोर हार म्हशीपुढे टाकला, एकजण मात्र गळ्यात पडून असा रडला की मामाचा सदरा बदलावा लागला. मामी म्हणायची, ह्या माणसाला एक दिवस कुणीतरी हारासकट विहिरीत टाकणार. मीही तेव्हा मामीच्याच बाजूची होते. मला तो सगळा प्रकार येडेपणाचा वाटायचा.

माझं घर देवळाली कॅम्पला. बाबा तिथल्या बाजारात लष्कराचे गणवेश शिवतात. अकरावी-बारावीला माझे चित्रकलेचे क्लास कॉलेज रोडला होते म्हणून मी दोन वर्षं मामाकडे राहिले. मला डिझाइनच्या मोठ्या कॉलेजात जायचं होतं. मोठ्या म्हणजे ज्यांचं नाव घेतलं की समोरचा माणूस सरळ बसतो अशा. अहमदाबाद, बंगळुरू आणि मुंबई, अशी तीन नावं मी मामाच्या घराच्या भिंतीवर लिहिली होती आणि मामाने ती बाजारभर केली होती. क्लासला मी मामाच्या पिकअपमध्ये झेंडूच्या क्रेटांशेजारी बसून जायची. मामा वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचा, की ही आमची भाची, हिला तीन कॉलेजं मागतायत. मागत कुणीच नव्हतं, मीच मागत होते, पण मामाला थांबवणार कोण.

एप्रिलमध्ये अहमदाबादचा नकार आला. मेमध्ये बंगळुरूचा. दोन्हीकडची भाषा सारखीच गोड, आपल्या अर्जाबद्दल आभार आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी दोन दिवस जेवले नाही, मग जेवले, कारण मुंबईच्या प्रतीक्षायादीत माझा चौथा नंबर होता. आदल्या वर्षी ती यादी नवव्यापर्यंत सरकली होती. क्लासच्या सरांनी सांगितलं, झालंच समज. मीही समजले. शेवटची यादी जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराला लागणार होती.

आता मी घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट. राज्याच्या प्रवेशफेरीत मला नाशिकमधल्याच एका आर्किटेक्चर कॉलेजात जागा लागली होती. मैत्रीण अर्ज भरत होती म्हणून मीही भरलेला. त्याच मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर झालं नाही तर जागा रद्द, आणि पुढच्या फेऱ्यांमध्येही नाव नाही. म्हणजे वर्ष गेलं. मी तो मेसेज वाचला आणि तोंड वाकडं केलं. मुंबईला जाणारी मुलगी पंचवटी ओलांडून कॉलेजला जाणार होती की काय?

मंगळवारी पहाटे मला जाग आली तर मामा ओसरीत बसून हार ओवत होता. गुलछडीचा, मधे मधे लाल गुलाब, आणि लांबी आमदाराला शोभेल अशी. मी म्हटलं, मामा, अजून यादी लागायचीय. तो म्हणाला, फूल तुझ्या यादीसाठी थांबत नाय, भाचीबाई. मामीने शिऱ्यासाठी रवा काढून ठेवला होता. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, बरं वाटलं. त्या पांढऱ्या हाराकडे बघून मला मुंबईचा समुद्रसुद्धा दिसायला लागला होता.

अकरा वाजून चार मिनिटांनी यादी आली. ती दुसऱ्या नंबरला थांबली होती. खाली एक ओळ, प्रवेशप्रक्रिया पूर्ण झाली आहे.

 मामा मळ्यात होता, मामी गिरणीत गेली होती. फोन पलंगावर टाकला, चपला घातल्या आणि निघाले. मखमलाबाद नाक्यापर्यंत चालत, तिथून रिक्षाने निमाणीच्या बसस्टँडवर. दीड तास बाकड्यावर बसून रडले. मग जी गाडी आधी सुटेल तिच्यात बसायचं ठरवलं. ती वणीची, देवीच्या गडाकडे जाणारी निघाली. खिडकी मिळाली, बसले.

आपल्याला कुणी ओळखत नाही असं मला वाटत होतं. मामाची फुलं घेऊन वेण्या विकणाऱ्या सावित्रीबाई स्टँडच्या दारात बसतात, हे मी विसरले होते. त्यांनी मला रडत चढताना पाहिलं आणि मामाला फोन लावला. यादीचं काय झालं ते त्याला तेवढ्यावरूनच कळलं.

दिंडोरीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहाला उतरला, खाली चिक्कीवाले ओरडत होते, आणि मागच्या बाजूने एक ओळखीचा हॉर्न ऐकू आला. न थांबणारा. मी डोकं खाली घातलं. गाडीच्या पायऱ्या धडधडल्या आणि मामा आत. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलाने माखलेला, सदऱ्याची दोन बटणं तुटलेली, आणि दोन्ही हातांत वर धरलेला तो हार. सीटांच्या मधल्या जागेतून तो वरात आल्यासारखा आला आणि सगळ्या गाडीदेखत त्याने माझ्या गळ्यात हार घातला.

गाडीत गडावर निघालेले बरेच लोक होते. त्यांना वाटलं पोरगी कशात तरी चमकली. टाळ्या वाजल्या. पुढच्या सीटवरच्या एका मावशींनी वळून कौतुकाने विचारलं, "कशात पयली आली वो लेक?"

"पयली नाय आली, मावशी," मामा धापा टाकत म्हणाला. "तिघांनी नाय घेतलं तिला. आज तिसऱ्याचा नकार आला."

टाळ्या थांबल्या. मला त्या क्षणी मामाचा इतका संताप आला की आयुष्यात कुणाचा आला नसेल. मी हार ओढला, पण मामाचा दोरा, तुटतोय कुठला. मी ओरडले, की मी तुझ्या त्या पडलेल्या पुढाऱ्यांपैकी नाही, मला हा तमाशा नको, तू जा. पूर्ण गाडी ऐकत होती. मामा माझ्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकला, तोंडावरचा घाम पुसला, आणि त्याने तेच विचारलं जे तो सगळ्यांना विचारतो.

"उद्या सकाळी काय करायचं ठरवलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "होतं तेही आज पाच वाजता संपतंय."

"काय संपतंय?"

रागाच्या भरात मी सगळं बोलून गेले. आर्किटेक्चर, नाशिकचं कॉलेज, पाच वाजता, मूळ कागदपत्रं, नाहीतर वर्ष. मामा माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला आणखी राग आला. त्याने उभं राहून गाडीला विचारलं, किती वाजले. "तीनला पाच कमी," असं सहा-सात जणांनी एकदम सांगितलं.

मग मला कुणी काही विचारलंच नाही. मावशींनी माझ्या मांडीवरची ओढणी उचलून हातात कोंबली. कंडक्टरने दार धरलं. मागून एक म्हातारे बाबा सांगत होते की हायवेने नको, म्हसरूळवरून घाला. मी हारासकट उतरले, कारण काढायला वेळ नव्हता, आणि पिकअप असा निघाला की चिक्कीवाला उडी मारून बाजूला झाला.

मामाने एका हाताने मामीला फोन लावला. दुसरा हात हवेत होता. स्टीअरिंग कशाने धरलं होतं ते मी बघितलं नाही. माझ्या कपाटातली निळी फाईल घेऊन मामीने म्हसरूळला यायचं, असं ठरलं. मामी स्कूटी घेऊन कधी पिठाच्या गिरणीच्या पुढे गेली नव्हती. मी म्हटलं, ती नाही येणार. मामा म्हणाला, बघच तू. वाटेत त्याने मला कागदपत्रांची नावं मोठ्याने म्हणायला लावली. दहावीचं मार्कशीट, बारावीचं, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला. प्रत्येक नावाला तो हॉर्न वाजवायचा. ढकांब्याच्या चढावर मला हसू आलं आणि मी ते खिडकीबाहेर तोंड करून लपवलं.

म्हसरूळला रस्त्याच्या कडेला मामी उभी. पदर कमरेला, कपाळावर पीठ, छातीशी फाईल धरलेली, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की जणू तीच निवडून आली. तिने फाईल आत दिली, बरोबर फडक्यात बांधलेली भाकरी दिली, आणि म्हणाली, "आत समदं हाय, फक्त फोटो नाय." मग माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघून तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात गाडी सुटली.

फोटोसाठी पंचवटीत एका स्टुडिओत घुसलो. तिथे चार वाजून आठ मिनिटं झाली होती. फोटोवाला म्हणाला, हार काढा, हसू नका. मी हार काढला, पण त्याच्या मागे उभा राहून मामा घड्याळाकडे बोट दाखवत एका चपलेवर नाचत होता. माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावर आजही तोच फोटो आहे. डोळे सुजलेले, गालावर गुलाबाची पाकळी चिकटलेली, आणि तोंड हसायच्या बेतात.

कॉलेजात पोचलो तेव्हा पाचला वीस कमी होती. मामाने पळता पळता हार परत माझ्या गळ्यात टाकला होता आणि मला त्याचं भान नव्हतं. खिडकीपुढे पाच-सहा मुलं रांगेत होती. त्यांनी हाराकडे बघून मला पुढे जायला वाट दिली. खिडकीतल्या मॅडमनी चष्मा वर केला आणि हसून विचारलं, अरे वा, राज्यात कितवी?

मागे मामा होता. तो बोलणार, हे मला माहीत होतं. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "कितवी वगैरे नाही, मॅडम. तीन कॉलेजांनी मला घेतलं नाही. म्हणून इथे आलेय."

हे वाक्य मी सकाळपासून स्वतःलासुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. मॅडमनी चष्मा खाली केला आणि म्हणाल्या, "या रांगेतल्या निम्म्यांना कुणीतरी घेतलेलं नाही. दहावीचं मार्कशीट दे."

एकेक कागद आत गेला. डोमिसाईल उलटं लागलं होतं, ते सुलटं केलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता, मॅडमनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, आणि तेवढ्या वेळात मला कळलं, की मला ही जागा हवी होती. मनापासून. सकाळी जिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं होतं तीच. शिक्का मारल्याचा आवाज आला. पावतीवर वेळ छापलेली होती, चार वाजून एकावन्न मिनिटं. मी रांगेतल्या एका अनोळखी मुलीला मिठी मारली आणि तिनेही का म्हणून विचारलं नाही.

पावती नाचवत मी मागे वळले तर मामा नव्हता. मला वाटलं, फाटकाबाहेर उभा राहून रस्त्यावरच्या माणसांना सांगत असणार. बाहेर आले तर तो पिकअपमध्ये बसलेला, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मामाचे हात मी इतके शांत कधी पाहिले नव्हते. मी दार उघडून आत बसले, पावती त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, ओरड की आता, झालं काम.

त्याने किल्ली लावायचा प्रयत्न केला. किल्ली भोकात जाईना. 

"सावित्री म्हणली, पोरगी रडत वणीच्या गाडीत बसली," तो म्हणाला. "पुढचं मला काय ऐकूच आलं नाय. नुसता गडाचा कडा दिसायला लागला, तेजू."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, मी त्या कड्याकडेच निघालेय असं त्याला वाटलं होतं.

"मामा, ती गाडी आधी सुटत होती म्हणून बसले मी. खिडकी होती म्हणून."

"मला काय म्हाईत ते."

एवढं बोलून तो रडायला लागला. जसा हसतो तसाच, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असा. गाळ काढायला गेलेला, कुत्रं अंगावर घेतलेला माझा मामा. मखमलाबादपासून दिंडोरीपर्यंत त्याने गाडी कशी हाकली असेल आणि काय काय बघत हाकली असेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. बसमध्ये मी त्याला जा म्हटलं होतं. मला माफी मागायची होती. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसले. त्याचं रडणं थांबेपर्यंत धरून ठेवलं.

मग मी म्हटलं, "मला घरी ने, मामा. भूक लागलीय."

त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. किल्ली पहिल्या झटक्यात लागली. आणि तिथून पार मखमलाबादपर्यंत, समोर कुणी असो वा नसो, त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.